प्रॉम्प्टर बंद

४ डिसेंबर १९८३, रविवार

आजपासून रोजनिशी. दिग्दर्शकानं रोज लिहावं असं नागपूरच्या नाट्यशिबिरात सर म्हणाले होते. शिबिराहून येऊन सहा-सात महिने झाले, पण दिग्दर्शक आजच झालो. म्हणून आजपासून.

मंडळाची बैठक देवळाच्या ओट्यावर. जानेवारीत शंकरपट, बैलांच्या शर्यती. त्याच रात्री गावचं नाटक. 'उंबरठ्याचा न्याय', तीन अंकी सामाजिक. यंदा मी बसवणार. एकमताने. अध्यक्ष भैय्यालाल सेठ एवढंच म्हणाले की सोमाजीभाऊचं यंदा जमत नाही, तर भोजराज करून टाकेल. बोलणं किराणा दुकानातलं, पण अर्थ स्पष्ट आहे. गावाला शास्त्रीय दिग्दर्शन हवं आहे.

सोमाजी म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा. मला कळायला लागलं तेव्हापासून गावचं नाटक तोच बसवतो आणि मी पडद्यामागे उकिडवा बसून प्रॉम्प्टिंग करतो. आज तो मफलर गुंडाळून भिंतीला टेकून बसला होता. एक शब्द बोलला नाही. ठरावाला हात मात्र पहिला त्यानेच वर केला. लोकांना दाखवायला. आत काय जळत असेल ते मला ठाऊक आहे.

७ डिसेंबर

शाळेच्या व्हरांड्यात पहिली तालीम. संकल्प: रोज एक नाट्यसंज्ञा शिकवायची. नटांना संज्ञा कळल्या की अभिनय आपोआप येतो.

आजची संज्ञा: दिग्दर्शक. धनीरामने विचारलं, म्हणजे तालीम मास्तरच ना? धनीराम म्हणजे आमचा मुख्य नट, यंदा जमीनदार. आवाज असा की तलावाच्या पलीकडे धान चुरणाऱ्या बायका मान वर करतात. डोकं मात्र शेतकऱ्याचं. त्याला दोन्हींतला फरक समजावला. तालीम मास्तर चाल सांगतो, दिग्दर्शक अर्थ सांगतो. तो म्हणाला, मग चाल कोन सांगन?

समजावण्यातच वेळ गेला. नाटक उद्यापासून.

११ डिसेंबर, रविवार

संज्ञा: अपस्टेज, डाउनस्टेज. अप म्हणजे मागे, डाउन म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला. नोकराचं विनोदी काम करणारा डोमा म्हणाला, जमीन तर सारखीच हाये, मंग मागचं वर काहून? विलायतेत पूर्वी रंगमंच उतरते असत, म्हणून, असं सांगितलं. त्यावर डोमाने दाखवलं की व्हरांड्याची फरशी डाव्या हाताला बोडीच्या तळ्याकडे उतरते, पावसाचं पाणी तिकडेच जातं. सगळ्यांना पटलं. आता मी डाउन म्हटलं की सगळी पात्रं बोडीकडे सरकतात आणि एकमेकांवर चढतात.

उद्यापासून 'पुढे' आणि 'मागे' म्हणणार. तात्पुरतं.

१२ डिसेंबर

दवाखान्यात (गुरांच्या, मी कंपाउंडर) डोमा बैल घेऊन आला. मी फाटकातूनच सांगितलं, गळा सुजलाय, घटसर्प असणार, आधी इंजेक्शन, मग कागद. डॉक्टरसाहेब म्हणाले, भोजराज, नजर तेज आहे तुझी. दिग्दर्शकाची नजर, मी म्हटलं. ते हसले.

घरी येताना दादा त्याच्या दारात उभा. हात करून बोलावलं. काहीतरी बोलला, पण इतकं हळू की मला त्याच्या तोंडाशी वाकावं लागलं. मला वाकवायचंच होतं त्याला. 'धनीरामले सांभाळ' एवढं ऐकू आलं. म्हणजे मला धनीराम सांभाळता येत नाही, असं. मी तसाच निघालो.

१५ डिसेंबर

महत्त्वाचा दिवस. क्रांतिकारक निर्णय.

संज्ञा: प्रॉम्प्टर. शिबिरात सर म्हणाले होते, प्रॉम्प्टर ही नटाची कुबडी आहे. आपल्या झाडीपट्टीत नट प्रॉम्प्टरच्याच जोरावर उभा राहतो. तालमी चार, नाटकं चाळीस. मी स्वतः इतकी वर्षं ती कुबडी झालो, त्यामुळे मला बोलण्याचा अधिकार आहे. यंदा प्रॉम्प्टर बंद. सगळ्यांनी पाठ करायचं.

धनीरामचा चेहरा पडला. त्याने पानतंबाखू थुंकून फक्त विचारलं, तिसऱ्या अंकातलं भाषनही? तेही, मी म्हटलं. तीन पानं आहेत. जमीनदार घराबाहेर काढलेल्या सुनेला भर सभेत उंबरठ्याच्या आत घेतो, ते भाषण. अख्खं नाटक त्यावर उभं आहे.

नाटक उभं राहील. मी आहे.

२० डिसेंबर

धनीरामला पहिलं पानसुद्धा येत नाही. येतं, पण रोज वेगळं येतं. मी शांत राहिलो. रागावलो नाही. फक्त नाटकाची प्रत जमिनीवर आपटली.

शकुन (माझी बायको) म्हणाली की एकदा दादापाशी जाऊन बसा. विचारलं, काहून? म्हणाली, बसायले काय कारन लागते? दोन्ही जावा एक आहेत हे मला फार दिवसांपासून ठाऊक आहे. मी म्हटलं, आधी त्याने बोलावं. ती चुलीकडे वळली.

२६ डिसेंबर

संज्ञा: पॉज. नटाने न बोलता बोलणं. धनीरामला ही संज्ञा फार आवडली. आज प्रत्येक वाक्यानंतर पॉज घेतला. डोमा मध्येच बिडी ओढून आला, तरी पॉज चालूच. दोष संज्ञेचा नाही.

भैय्यालाल सेठ येऊन गेले. शेजारच्या गावचंही नाटक त्याच रात्री आहे म्हणे, साकोलीकडून नट आणलेत. आपलं फसलं तर लोक आपापल्या बैलगाड्या, खाचरं जुंपून अर्ध्यातून तिकडे जातील. पटाला आलेल्या पाहुण्यांसमोर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी त्यांना निर्धास्त केलं. ते निर्धास्त झालेले दिसले नाहीत. जाताना धनीरामच्या कानात काही बोलले.

२ जानेवारी १९८४

नवं वर्ष. संकल्प: चहा दोन वेळाच. रागावणं बंद. दादाचा विचार बंद.

दादा वहिनीला घेऊन सकाळच्या बसने नागपूरला गेला. कशाला, सांगितलं नाही. मला अंदाज आहे. शिबिराच्या सरांना भेटून माझ्याबद्दल चौकशी करणार. करू दे. हजेरीपटावर माझं नाव आहे.

४ जानेवारी

दादा परत आला. ओट्यावर बसून असतो. शकुन दोनदा जाऊन आली. डोळे लाल. विचारलं तर म्हणाली, धूर. दुपारी चूल पेटलेली नव्हती, पण बायकांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

८ जानेवारी, रविवार

आश्चर्य! धनीरामला दोन पानं येतात. आणि फक्त शब्द नाहीत. 'पोरी, हे घर मी बांधलं, पण उंबरठा तूच घातलास' या वाक्यावर त्याने हात वर उचलून हळूच खाली आणला, जणू सुनेच्या डोक्यावर ठेवला. हे मी शिकवलेलं नाही. पण माझ्या पद्धतीतून आलेलं आहे. दिग्दर्शकाने बी पेरायचं असतं.

एक दोष: वाक्य सुरू करण्याआधी तो डावीकडे बघतो. तिकडे खांबाशिवाय काही नाही. विचारलं तर म्हणाला, सवय.

१३ जानेवारी

संज्ञा: ड्रामॅटिक आयरनी. प्रेक्षकांना ठाऊक असतं, रंगमंचावरच्या पात्राला ठाऊक नसतं; ते आपल्याच तोऱ्यात बोलत राहतं आणि प्रेक्षकांचा जीव खालीवर होतो. मी उदाहरणंही दिली. व्हरांड्यात असं सामसूम झालं की कमाल. डोमा जमिनीकडे बघत होता. धनीरामने डोळे पुसले. अखेर एका संज्ञेचा खोल परिणाम झाला.

धनीराम म्हणाला, भाऊ, मंग त्या पात्राले कोनी सांगत काहून नाई? मी म्हटलं, सांगितलं तर नाटक संपेल. तो म्हणाला, हो, तेच तर त्याहिनं सांगलं.

'त्याहिनं' म्हणजे कोणी, ते विचारायचं राहिलं.

१७ जानेवारी

नट थकून येतात. आवाज बसलेले, अंगावर कोंडा आणि तणसाच्या काड्या. विचारलं तर म्हणे खळ्यावर होतो. आता चुरणं संपत आलं, मग रोज सगळे खळ्यावर काय करतात? आणि एकाच खळ्यावर? येताना पाहिलं, दादाच्या खळ्याकडून चौघं एका रांगेत येत होते. दादाची मळणी यंदा दहा दिवसांपूर्वीच झाली.

मजूर म्हणून वापरून घेतोय माझ्या नटांना. मुद्दाम थकवतोय. भैय्यालाल सेठकडे तक्रार केली. ते म्हणाले, जाऊ द्या ना भोजराजभाऊ, नाटक जमून राहिलं ना?

जमतंय हे खरं. कोणामुळे जमतंय हे मात्र कोणी बोलत नाही.

२० जानेवारी

ठरवलं: दादाला तोंडावर विचारायचं.

विचारलं. ओट्यासमोर उभा राहून, गल्लीला ऐकू जाईल असं. माझं पहिलं नाटक बुडवायचंय का? मोठा आहेस, आहेस. पण गाव काही तुझ्या नावावर लिहून दिलेलं नाही. तो ऐकत राहिला. मफलर हनुवटीपर्यंत. मग त्याने शेजारी ओट्यावर हात थोपटला. बस, म्हणून. अशा वेळी शांतपणा दाखवणं हा दुसऱ्याला खाली दाखवण्याचा सगळ्यात जुना प्रकार आहे. मी नाही बसलो.

वहिनी दारातून पुढे आल्या, काहीतरी म्हणणार होत्या. दादाने त्यांचा हात धरला. त्या आत गेल्या.

माझं चुकलं नाही. झोप मात्र लागत नाही. चहामुळे.

२४ जानेवारी

मुख्य नटी ताराबाई नागपूरहून आल्या. सून. रोज वेगळ्या गावात नाटक करतात, सुनेचं काम त्यांनी किती गावांत केलं असेल याचा हिशेब नाही. लुगड्याची ट्रंक, पानाचा डबा, सोबत एक म्हातारी आई. आल्या आल्या विचारलं, प्रॉम्प्टर कोण?

मी संज्ञेपासून सुरुवात केली. कुबडीपर्यंत पोचलो तेव्हा त्यांनी पानाचा डबा बंद केला. म्हणाल्या, "भाऊ, मी काही पाठांतराच्या परीक्षेला नाही आली. प्रॉम्प्टर नसंल तर मी आत्ताच्या आत्ता परतीच्या गाडीत बसतो."

आई ट्रंकेवर बसली ती उठलीच नाही. जायची तयारी. मी तत्त्व सोडलं नाही. बाहेर येऊन फेऱ्या मारल्या. परत गेलो तेव्हा धनीराम आणि भैय्यालाल सेठ त्यांच्याशी खाली मान घालून बोलत होते. ताराबाईंनी ऐकता ऐकता आईला उठवलं आणि ट्रंक उघडली. मला म्हणाल्या, ठीक आहे, करतो मी.

तत्त्वाचा विजय. मात्र त्यानंतर त्या माझ्याशी फार मऊ बोलू लागल्या. आजारी माणसाच्या घरच्यांशी बोलतात तशा. नागपूरची पद्धत असेल.

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडा, मग ड्रेस रिहर्सल. मंडप उभा आहे, पडदे आले, गावाबाहेरच्या शेतात मातीचा रंगमंच लिंपून वाळतोय. धनीराम भाषणात अडला. तिसरं पान. माझ्याकडे बघितलं, मी छातीवर हात बांधून उभा. डावीकडे बघितलं, तिकडे रिकामी विंग. तसाच उभा राहिला. घाम गळत होता. शेवटी मीच प्रत बघून वाक्य दिलं.

हे प्रॉम्प्टिंग नव्हे. सूचना.

परवा असं झालं तर? होणार नाही. पण झालं तर? खाचरं जुंपली जातील. बैलांच्या घुंगरांचा आवाज मला आत्तापासून ऐकू येतोय.

२८ जानेवारी, शनिवार. सकाळ

आज. पट सुरू झालाय, लाखनी-साकोलीकडून माणसं उतरतायत, घराघरात पाहुणे. शकुन सकाळपासून दादाकडे. मी तिला सांगून ठेवलं की रात्री पहिल्या रांगेत बस आणि तिसऱ्या अंकानंतर मला कर्टन कॉलला बाहेर यावं लागेल तेव्हा टाळ्या तूच सुरू कर.

निर्णय: नाटकाची प्रत घरी ठेवून जाणार. प्रत जवळ असली तर मोह होतो.

चार चहा झाले. मोठ्या दिग्दर्शकांचं होतं असं.

२९ जानेवारी, रविवार. दुपार

आत्ता उठलो. लिहितो. जसं झालं तसं.

पहिला अंक चांगला. दुसरा फार चांगला. शेत माणसांनी भरलेलं, मागे खाचरांवरही लोक उभे. मी उजव्या विंगेत. दुसऱ्या अंकाच्या शेवटी वीज गेली. पेट्रोमॅक्स लावले. कोणी उठलं नाही.

तिसरा अंक. ताराबाई उंबरठ्याबाहेर उभ्या, पदर दातात. धनीराम उभा राहिला. पहिलं पान, दुसरं पान. बायकांचे हुंदके ऐकू यायला लागले. तिसरं पान. आणि अडला.

त्याने डावीकडे बघितलं. डोळे बारीक केले, मान पुढे काढली. काही दिसेना त्याला. त्या बाजूचा पेट्रोमॅक्स भकभकत मंद होत चालला होता.

मला वाटलं, द्यावं वाक्य. तत्त्व गेलं खड्ड्यात. मी तोंड उघडलं. वाक्य नव्हतं. इतकी वर्षं जे झोपेतही म्हटलं असतं ते वाक्य माझ्या डोक्यात नव्हतं, आणि प्रत घरी उशाखाली. मागून कोणीतरी शीळ घातली. एक खाचर हललं. घुंगरू वाजले. खरेच वाजले.

हा डावीकडे बघतो तरी कोणाकडे, म्हणून मी मागच्या पडद्याआडून तिकडे धावलो. दोरीला अडखळलो. डाव्या विंगेत ताराबाईंच्या ट्रंकेवर दादा बसला होता. मफलर काढलेला. तोंड हलत होतं, मोठं मोठं, एकेक अक्षर वेगळं, पण आवाज नाही. खुसफुसही नाही. धनीराम ओठ वाचायचा. खळ्यावर तेच चाललं होतं इतके दिवस. आणि आता दिवा जात होता म्हणून धनीरामला दादाचे ओठ दिसत नव्हते.

मी म्हटलं, दादा, प्रॉम्प्टर बंद आहे. होय, हेच म्हटलं. दुसरं काही तोंडात आलंच नाही. त्याने वळून उत्तर द्यायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. तेव्हा मला त्याचा गळा दिसला. एका बाजूने, जबड्याखाली. लिंबापेक्षा मोठी गाठ.

डोमा त्या विंगेत आपल्या प्रवेशासाठी उभा होता. त्याने माझा दंड धरला. म्हणाला, "भोजराजभाऊ, आवाज गेला त्याहिचा. आता नाई येत."

माझ्या खिशात बॅटरी होती. दवाखान्याची, गुरांचे घसे बघायची. ती मी दादाच्या तोंडावर धरली. दादाने पुन्हा पुढे बघितलं आणि ओठ हलवले. धनीराम बोलला. "पोरी, आत ये. आता या घरात हुकूम देणारं कोणी उरलं नाही." सगळीकडे इतकी शांतता होती की बॅटरीची कळ दाबली तर ऐकू गेली असती. मग तो थांबला नाही. एकेक वाक्य दादाच्या ओठांवरून उचलत गेला, आणि ते त्याच्या तोंडी केवढं मोठं होत होतं. ताराबाई आत आल्या. हात डोक्यावर. पडदा.

भाषण चाललं तोवर बॅटरी मी धरून होतो. उजेड नीट बसत नव्हता, दोनदा दादाच्या डोळ्यांत गेला. त्याने माझं मनगट धरून खाली केलं आणि तसंच धरून ठेवलं. शेवटपर्यंत.

लोक किती वेळ टाळ्या वाजवत होते म्हणे. कर्टन कॉलला मी गेलो नाही. लक्षातच नाही राहिलं.

नंतर पडद्यामागे वहिनींनी सांगितलं. दसऱ्यापासून आवाज बसत होता, पुसात, पौष महिन्यात, तो पूर्ण गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी या महिन्याच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, आज भरती व्हा, ऑपरेशन करू. हा परत आला. गावाला कळलं असतं तर नाटक रद्द झालं असतं, म्हणून धनीरामपासून शकुनपर्यंत सगळ्यांकडून शपथ घेतली. मी विचारलं, नाटकासाठी? एका नाटकासाठी?

वहिनी म्हणाल्या, "नाटकासाठी नाई. लहान्याचं पयलं नाटक हाये मने. होऊ द्या, मंग जाऊ."

३१ जानेवारी

दादाला घेऊन नागपूर. सोबत वहिनी, मी. बसमध्ये मी खिडकीशी, तो मध्ये. मला पुष्कळ बोलायचं होतं. लाखनी गेलं, भंडारा गेलं. नदीच्या पुलावर मी म्हटलं, धनीराम चांगला बोलला. त्याने मान हलवली. मग मौद्याला मी केळी घेतली.

९ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. बराच वेळ चाललं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला असं समजा, पण महिनाभर आधी आला असता तर थोडा आवाज राखता आला असता. थोडा म्हणजे किती, विचारलं. त्यांनी फाईल मिटली. दुसऱ्या खाटेकडे गेले.

वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना 'चांगलं झालं' एवढंच सांगितलं.

१८ फेब्रुवारी

रजा वाढवली. गावाहून धनीराम आणि डोमा येऊन गेले. पटाला आलेल्या पाहुण्यांमध्ये अजून नाटकाचंच बोलणं आहे. विशेष करून त्या शांततेचं. लाखांदूरकडच्या एका मंडळाने निरोप धाडलाय की पुढल्या वर्षी आमच्याकडे बसवा. कोणाला बोलावलंय ते निरोपात नीट नव्हतं. 'तुमच्यातल्या मास्तरले' एवढंच. मी धनीरामला सांगितलं, हो म्हण.

आता मन थाऱ्यावर येतंय. विचार केला तर त्या रात्री डाव्या विंगेतला उजेड माझा होता. उजेडाशिवाय ओठ दिसले नसते. हे कोणी लक्षात घेतलेलं नाही, मीही बोलून दाखवणार नाही. संकल्प: दादाची सेवा. पुढल्या वर्षीचं नाटक दोघांनी मिळून. तो खुणा करेल, मी अर्थ सांगेन. त्याच्या खुणा माझ्याइतक्या कोणाला कळणार? जन्मभर त्याच्या हाताखाली काम केलंय.

४ मार्च, रविवार. नागपूर, वॉर्ड

आज दादाला पहिल्यांदा उशीला टेकवून बसवलं. गळ्याला पट्टी, नळी. चेहरा उतरलाय, पण डोळे पूर्वीचे. ऊन वाढलंय, वॉर्डात एकच पंखा.

मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहून पुढल्या वर्षीचं सगळं सांगितलं. दोघांनी मिळून, वगैरे. आणि त्या दिवशी गल्लीत बोललो तेही काढलं. दादा ऐकत होता. मग त्याने उजवा हात उचलला आणि माझ्याकडे बघत सावकाश उजवीकडे नेला. पुन्हा तसंच. उचलला, नेला.

मला भरून आलं. इतका स्पष्ट अर्थ. मी वहिनींना म्हटलं, बघा, म्हणतोय की आता रंगमंच तुझा, पुढे हो. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही सांगितलं. दादाने डोळे मिटले, उघडले, आणि तोच हात पुन्हा केला. जरा जोरात.

वहिनी संत्रं सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बाजूले व्हा मनते. पंख्याचा वारा अडून राहिला."

सरकलो.